सत्तावीसपैकी चोवीस

दर वर्षी नोव्हेंबरात थोंग छांगक्वेला वस्तीच्या कार्यालयात जाऊन सांगावं लागे, की आम्हांला अजूनही मूल नाही.

नुसतं तोंडी सांगून भागत नसे. दोघांची ओळखपत्रं, एकुलत्या अपत्याचा लाल दाखला आणि मुलीच्या मृत्यूचा दाखला, एवढं सगळं टेबलावर मांडून बसायचं. लाल दाखला एक्क्याण्णव साली कारखान्यानं समारंभ करून दिला होता, एका लेकरावर थांबल्याबद्दल. सोबत एनॅमलचं घंगाळ दिलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दुसरा दाखला शेनयांगच्या इस्पितळानं दिला. त्याला समारंभ नव्हता. हे दोन्ही कागद ज्यांच्याकडे असतील त्यांच्या खात्यात सरकार महिन्याला माणशी पाचशे नव्वद युआन टाकतं. एकच असेल तर टाकत नाही.

यानयान गेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. शेनयांगमध्ये नोकरीला होती, तिथल्या कचेरीत दुपारचा डबा खाताना डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. चूक कुणाचीच नव्हती. डॉक्टरांनी तसं दोनदा सांगितलं.

कार्यालयातल्या काओताई थोंगला अकरा वर्षं ओळखत होत्या. तरी कागदावर रकाना होता, म्हणून विचारणं आलं.

"थोंगकाका, यंदा अपत्यजन्म?"

"नाही."

"दत्तक?"

"नाही."

"काकूंना एकसष्ट ना आता?"

"एकसष्ट."

"विचारावं लागतं हो."

"विचार की. झालं असतं तर तुलाच आधी कळवलं असतं."

काओताईंनी शिक्का मारला आणि खणातून आणखी दोन कागद काढले. हे यंदा नवीन होतं. मदत मिळाल्यानं मागे राहिलेल्या आईबापांच्या मनाला कितपत बरं वाटतं, ते विद्यापीठाच्या लोकांना मोजायचं होतं. नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागत नाही, भूक नाही, कशात मन रमत नाही, जगून काय करायचं असं वाटतं, असं किती दिवस झालं? एकदाही नाही तर शून्य, जवळजवळ रोज तर तीन. सगळ्यांची बेरीज करायची, फार तर सत्तावीस.

"एक तुमचा, एक काकूंचा. काकूंनी स्वतः भरायचा आहे."

"ती खाली उतरत नाही."

"मग घरी न्या. गुरुवारपर्यंत आणून द्या."

थोंगनं कागदांची घडी खिशात घातली आणि नेहमीप्रमाणे हमामखान्यात गेला.

तिथे गरम पाण्याच्या हौदात फी दाशान गळ्यापर्यंत बुडून बसला होता. फी पूर्वी ट्रामचा कंडक्टर होता आणि अजूनही शेवटच्या डब्यापर्यंत ऐकू जाईल असाच बोलत असे. त्याचा मुलगा धरणावर पोहायला गेला तो परत आला नव्हता. वस्तीत असे अकरा आईबाप होते आणि कुणी नेमलं नसताना फी त्यांचा पुढारी झाला होता.

"कागद मिळाला का? नीट ऐक. अठराच्या वर गेलास तर वरची श्रेणी. महिन्याला दोनशे जास्त."

"कुणी सांगितलं?"

"मेव्हणीच्या ओळखीतल्या माणसानं. सगळीकडे तीन-तीन ठोकू नकोस, संशय येतो. झोपेला दोन, भुकेला दोन, मन रमत नाही त्याला तीन. मरावंसं वाटतं त्याला एक लिही. जास्त लिहिलंस तर इस्पितळाची गाडी घेऊन येतात."

"मला झोप लागते, फीदादा."

"ते तुझं तुझ्यापाशी ठेव. सरकारला कशाला सांगतोस?"

आजूबाजूला आणखी दोघे बाप बसले होते. ते बोटांवर बेरीज करत होते. एकाचे अठराच भरत होते, म्हणून फीनं त्याला थकव्याचा एक वाढवून दिला.

थोंगचं घर पाचव्या मजल्यावर होतं. लुआन, त्याची बायको, आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती. अंगात जाड कापसाचा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बाहेर उणे नऊ होतं, पण घरात बनियनवर बसावं इतकी ऊब होती. फक्त तिच्या खोलीतल्या हीटरची चावी तिनं बंद करून ठेवली होती. हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी थोंगनं हिवाळ्याचं बिल त्या पाचशे नव्वदच्या कार्डातून भरलं होतं आणि ते तिला कळलं होतं. पोरीच्या जिवाचे पैसे जाळून ऊब घेणं तिला नको असेल, असं थोंगनं धरून ठेवलं. विचारलं नाही. पुढच्या वर्षी बिल पेन्शनमधून भरलं, तरी चावी उघडली नाही, आणि त्याच हिवाळ्यापासून ती जिनाही उतरली नाही.

एके काळी लुआन थर्मासच्या कारखान्यात तपासनीस होती. चोवीस वर्षं तिनं काचेच्या नळ्या कानाशी धरून टिचकीनं वाजवल्या आणि ज्यांचा आवाज बिघडलेला होता त्या परत पाठवल्या. तिच्या हातून खोटा माल गेला नाही, असं तिचे वरिष्ठ म्हणत.

"म्हातारे, हे भरायचं आहे. नऊ प्रश्न."

"वाच."

त्यानं वाचले. ती भिंतीकडे बघत ऐकत होती.

"सगळ्यांना शून्य लिही."

"झोपेलाही?"

"शून्य."

"काल पहाटे तीन वाजता तू कपाट आवरत होतीस."

"कपाट आवरणं प्रश्नात आहे का?"

नव्हतं. थोंगनं नऊ शून्यं मांडली आणि तिनं खाली सही केली.

मग तो स्वयंपाकघरात आपला कागद घेऊन बसला. खरं लिहायचं तर त्याचीही बेरीज शून्य होती, फार तर एक, गुडघ्याचा. त्याला झोप लागत होती, भूक लागत होती. यंत्राच्या कारखान्यात तीस वर्षं त्यानं उंचावर एकट्यानं क्रेन चालवली होती. खालून कुणी हात केला की उचलायचं, हात केला की ठेवायचं. कागदावर काय उचलायचं ते त्याला कळेना. बराच वेळ बसून शेवटी त्यानं तपासनीस बाईंची खरी उत्तरं आपल्या कागदावर लिहिली. झोप, तीन. भूक, तीन. मन रमत नाही, तीन. शेवटच्या प्रश्नाला त्याचा हात थांबला, मग त्यानं दोन लिहिलं. बेरीज चोवीस झाली. यात खोटं काही नाही, असं त्याला वाटलं. फक्त नाव बदललं होतं.

वरच्या श्रेणीची बातमी खोटी निघाली. एकोणीस मिळवलेल्या फीला भेट म्हणून तेलाचा डबा आणि रजई आली. चोवीस मिळवलेल्या थोंगला काओताईंचा फोन आला. दर गुरुवारी दहा वाजता, समुपदेशन, एक तास, हजेरी सक्तीची.

"चोवीस?" हौदात फी म्हणाला. "मी शिकवलं आणि तू पहिला आलास?"

"चुकून झालं."

"चुकून एकवीस होतात. चोवीसला अभ्यास लागतो."

समुपदेशनाची खोली म्हणजे टेबल टेनिसचं सामान ठेवायची जागा. टेबल भिंतीला उभं करून पुढे दोन खुर्च्या टाकल्या होत्या. समुपदेशक शुएबाई पन्नाशीच्या होत्या. पूर्वी शाळेत कवायत शिकवत, मग गुडघे गेले आणि हा अभ्यासक्रम केला. बोलणं सरळ होतं.

"थोंग मिस्त्री, दिवस कसा जातो?"

"खुर्चीवर बसून."

"किती वेळ?"

"सकाळपासून. कोट घालून."

"घर थंड आहे?"

"नाही. घर गरम आहे."

शुएबाईंनी लिहून घेतलं. त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा हमामातून आल्यासारखा लालबुंद होता, कारण तो हमामातूनच आला होता. त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, की रोज सकाळी आठ वाजता पडदा उघडायचा, दहा मिनिटं.

थोंगनं दुसऱ्या दिवशी आठ वाजता लुआनच्या खोलीतला पडदा उघडला. लुआननं बंद केला. त्यानं परत उघडला.

"काय चाललंय तुझं?"

"झाडाची पानं गेली का बघतोय."

"डिसेंबर आहे."

चौथ्या दिवशी तिनं पडदा सहा मिनिटं तसाच राहू दिला. थोंगनं घड्याळ लावून मोजलं आणि गुरुवारी सांगितलं, की मला सहा मिनिटं जमलं.

असे पाच गुरुवार गेले. शुएबाई सांगत ते तो घरी नेई, जसं बाजारातून भाजी न्यावी तसं. रोज एक गरम वाटी काहीतरी, आवडो न आवडो. रोज दोन वाक्यं कुणाशी तरी. तो इतका मन लावून विचारी, की शुएबाईंना तो आतापर्यंतचा सगळ्यांत मेहनती रुग्ण वाटला असेल. पण तिसऱ्या गुरुवारी, पूर्वी करत असे आणि आता बंद केलं असं काय काय आहे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "केस कुरळे करून घेणं."

शुएबाईंनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. डोकं तुळतुळीत होतं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

पाचव्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "मुलीचं नाव घरात घेता?"

"नाही."

"किती वर्षं?"

"सहा."

"दिवसातून एकदा मोठ्यानं घ्यायचं. दुसऱ्या कामात असताना घेतलंत तरी चालेल."

संध्याकाळी थोंग मुळा किसत होता. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. त्यानं किसणी थांबवली नाही. "यानयान," तो म्हणाला.

आतून लुआनचा आवाज आला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. मुळा."

"मुळा नाही म्हणालास."

"नाही म्हणालो."

जेवताना लुआननं विचारलं, की मुळा इतका जाड का किसला. सहा वर्षांत स्वयंपाकाबद्दल तिनं काढलेली ही पहिली खोड होती.

पुढच्या आठवड्यात शुएबाईंनी घरचा अभ्यास दिला. दिवसातली सगळ्यांत वाईट वेळ कोणती, तेव्हा काय होतं, कागदावर लिहून आणायचं. थोंगनं स्वयंपाकघरात बसून पानभर लिहिलं आणि कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला. बुधवारी सदरा धुवायला टाकला. कपडे अजून लुआनच धूत असे, आणि मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासत असे. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागद होता.

"'दुपारी चार वाजता मी दाराकडे बघत बसतो,'" तिनं वाचलं. "'शाळा सुटायची ती वेळ. जिन्यात पावलं वाजली की मजले मोजतो. चौथ्यावर थांबली की पुन्हा बसतो.' हे कोण बसतं?"

थोंगनं कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"तू चार वाजता हमामात असतोस. हे तू कुणाला देतोस?"

"वस्तीच्या कार्यालयात एक बाई आहेत. दर गुरुवारी."

"माझं नाव सांगून?"

"माझं नाव सांगून."

लुआन खुर्चीवर बसली. कागद तिनं गुडघ्यावर सपाट केला आणि बोटानं एकेक ओळ तपासत गेली.

"चार नाही. साडेतीन. चार वाजता ती घरी पोचलेली असायची. दाराकडे बघत नाही, दाराच्या कडीकडे बघते. आणि हे काय? 'मुलीच्या पैशांनी विकत घेतलेली ऊब मला सोसवत नाही.' हे मी कधी म्हणाले?"

"मग हीटर का बंद करतेस?"

"पैशांचं मला काय? सरकारनं एकच पाहिजे म्हटलं, आपण एकच केलं, ती गेली, आता देतं काहीतरी. देऊ दे." तिनं कागदावर बोट टेकलं. "त्या पहिल्या अर्जावर रकाना होता. हयात अपत्यं किती. तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. तू शून्य लिहिलंस आणि खाली माझी सही ठोकून दिलीस. मला ते बिल भरलं त्या दिवशी बँकेच्या कागदांत सापडलं. तेव्हाच चावी बंद केली."

"काओताई म्हणाल्या होत्या, महिनाअखेर आहे. तू पडून होतीस."

"मी पडून होते, मेले नव्हते. मला विचारायचं होतंस. मीही शून्यच म्हणाले असते. पण म्हणाले असते." तिनं कागदाची घडी घातली. "शून्य तू फार पटकन लिहितोस, म्हाताऱ्या."

थोंगनं पाणी उकळायला ठेवलं.

"आणि तुझं काय?" तिनं मागून विचारलं.

"माझं काय. माझं ठीक आहे."

"सहा आठवडे माझं नेऊन ओततोस. तुझं त्यात एकही नाही?"

"माझ्याकडे नाही काही."

लुआननं त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या किती वाजता असतं?"

"दहाला."

"मी येते. हे सगळं चुकीचं लिहून गेलंय. दुरुस्त करायला हवं."

पाच मजले उतरायला त्यांना वीस मिनिटं लागली. तिसऱ्या मजल्यावर लुआन कठड्याला धरून उभी राहिली. थोंग दोन पायऱ्या खाली उभा राहिला आणि काही बोलला नाही. दोन वाक्यांचा नियम त्यानं तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. खाली आल्यावर तिनं इमारतीच्या दाराला नवा रंग दिलेला पाहिला आणि तो वाईट आहे असं सांगितलं.

काओताई तिला बघून खुर्चीतून उठल्या.

"काकू, तुम्ही?"

"तुमच्याकडे माझा कागद आहे. नऊ शून्यांचा. तो खोटा आहे."

काओताईंनी संगणकात पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. कागद विद्यापीठाकडे गेला होता आणि वर्षभर बदलता येत नव्हता. नोंदीप्रमाणे लुआन ही वस्तीतली सगळ्यांत सुदृढ आई होती. तिला समुपदेशनाची वेळ देता येत नव्हती.

"वेळ थोंगकाकांच्या नावावर आहे," काओताई हळू आवाजात म्हणाल्या. "आत कोण बसलंय, ते यंत्र विचारत नाही."

शुएबाई दारात आल्या होत्या. त्यांनी लुआनच्या डोक्याकडे पाहिलं. केस पांढरे होते, पण टोकांना अजून कुरळेपणा शिल्लक होता.

"या," त्या म्हणाल्या. "मी वाटच बघत होते."

त्या दिवशी एक तासाचे दोन तास झाले. बाहेर बाकावर बसलेल्या थोंगला आतले शब्द कळत नव्हते, फक्त लुआनचा आवाज एकसारखा येत होता. जसा कारखान्यात दिवसभराचा हिशेब देताना येत असेल, तसा. मधे एकदा तो थांबला आणि बराच वेळ सुरू झाला नाही. काओताईंनी थोंगला सूर्यफुलाच्या बिया दिल्या. त्यानं त्या सोलल्या नाहीत.

जानेवारीभर ती थोंग छांगक्वे या नावानं जात राहिली. हजेरीवर तिची सही त्याच्या नावाची असे. हमामात फीला हे कळलं तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला, "माझे एकोणीस मी हसत हसत भरले. झोपेला दोन, भुकेला दोन. घरी येऊन पुन्हा बेरीज केली. थोंग, एकच आकडा खोटा होता रे. थकव्याचा. मी थकत नाही." आणि त्यानं पाण्यात डोकं घातलं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी शुएबाईंनी थोंगलाही आत बोलावलं. तिसरी खुर्ची नव्हती, म्हणून तो चेंडूंच्या खोक्यावर बसला.

"थोंग मिस्त्री, तुमचे प्रश्न राहिलेत. झोप?"

"लागते."

"भूक?"

"लागते." तो पुढे काही म्हणणार नव्हता, पण शुएबाईंनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्या पेन खाली ठेवून बसून राहिल्या. थोंगनं खोक्याच्या कडेवरून हात फिरवला.

"तिला जाळून आलो त्या दिवशी मला भूक लागली होती," तो म्हणाला. "नातेवाइकांनी ज्याओझ केले होते. कोबीचं सारण भरून उकडलेले. लोक एकेक उचलून ठेवत होते. मी दोन वाट्या खाल्ल्या. चव लागत होती. व्हिनेगर पण घेतलं. तेव्हापासून मला रोज भूक लागते. रात्री पडलो की झोप लागते. लुआनसारखं मला काहीच झालं नाही. म्हणून मी तिचं आणत होतो. माझं काय सांगू? बापाला काही झालं नाही, असं सांगू?"

हे सांगताना त्याचा आवाज बदलला नव्हता. हात मात्र खोक्यावर थांबत नव्हता आणि आतले चेंडू हळूहळू खडखडत होते.

लुआन त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दोन नाही, तीन वाट्या. मी वाढत होते. मला वाटलं, दोघांपैकी एकानं तरी उभं राहायला पाहिजे. तू खाल्लंस म्हणून मी निजू शकले."

थोंगनं खोकं धरून ठेवलं. मग त्याचे खांदे हलले. शुएबाईंनी कागदी रुमालाचा डबा पुढे सरकवला, तो लुआननं घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवून एकेक रुमाल त्याला देत राहिली.

एप्रिलमध्ये शुएबाईंची बदली नदीपलीकडच्या वस्तीत झाली. नवे समुपदेशक महिन्यातून एकदाच येणार होते. आता दोघं बस बदलून नदीपलीकडे जातात. नियमात ते बसत नाही, पण शुएबाई जेवणाच्या सुटीत त्यांना वेळ देतात. लुआन बरी झाली आहे, असं कुणी म्हणणार नाही. साडेतीनला ती अजून खुर्चीवर येऊन बसते. कधी कधी थोंगही शेजारी बसतो आणि जिन्यात पावलं वाजली की दोघं मिळून मजले मोजतात. बसमध्ये मात्र ते भांडतात. लुआनचं म्हणणं, पुलाआधीच्या थांब्यावर उतरलं तर कमी चालावं लागतं. थोंगचं म्हणणं, पुलानंतरच्या. गेल्या आठवड्यात ते पुलाआधी उतरले आणि चालत पूल ओलांडला. नदीवरचा बर्फ फुटला होता. लुआन मधेच थांबून बघत राहिली, म्हणून त्यांना पाच मिनिटं उशीर झाला.